मालक क्रमांक १००१

१

मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता स्वयंपाकघरातला आवाज थांबला आणि पाच वाजेपर्यंत त्या घरातली सून चोर ठरली.

मला हे कळलं शुक्रवारी, तिच्याच तोंडून. खांद्यावरची पिशवी न उतरवता ती माझ्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. सव्वीस वर्षं मी एका मोठ्या ग्रंथालयाचे कॉम्प्युटर सांभाळले. आता निवृत्त आहे. पण आमच्या गल्लीत कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाचे फोटो अडकले की लोक माझ्याकडेच येतात. मला ‘चावीमावशी’ म्हणतात. नाव कुणी पाडलं ते माहीत नाही, चिकटलं मात्र घट्ट.

“मावशी, मला खरं कळायला हवंय,” ती म्हणाली. “घरात परत घ्यावं म्हणून नाही. नुसतं कळायला हवंय.”

तिने सांगितलं ते असं. तिचे सासरे अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासायचे. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, मीही तसंच म्हणते. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढून टाकल्याशिवाय इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनआधी चाळीस दिवस मिळाले. त्या चाळीस दिवसांत बाबा आपल्या टेबलापाशी बसून बोलत राहिले आणि ते सगळं रेकॉर्ड होत गेलं. लग्नाच्या दिवसाची हकिगत, पहिल्या नोकरीतली फजिती, घरातल्या प्रत्येकाला मारलेली हाक, वर्तमानपत्रातले अग्रलेख, नुसतं खाकरणं सुद्धा. दोनशे बारा ध्वनिफिती. थोरला मुलगा परगावी असतो, त्याची ही कल्पना. या फिती एका कंपनीकडे पाठवायच्या, म्हणजे तिथले लोक असं यंत्र बनवून देतील की बाबांनी टाइप केलं तरी बोलताना आवाज त्यांचाच येईल.

“आणि पाठवल्या?”

“भावजी म्हणाले, पुढच्या आठवड्यात पाठवतो. असे तीन आठवडे गेले.”

सगळ्या फिती घरातल्या सामायिक ड्राइव्हवर, ‘आवाज’ नावाच्या फोल्डरमध्ये होत्या. मंगळवारी ते फोल्डर रिकामं सापडलं.

“अगदी रिकामं?”

“एक फाइल होती.” तिने पिशवीचा पट्टा दोन्ही हातांत पिळला. “आत काहीच नाही. नुसतं नाव. ‘पुरे’. आणि मालक म्हणून माझं नाव.”

“तू केलंस का?”

“नाही.”

“नवरा काय म्हणतो?”

“म्हणतो, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?”

२

धाकट्या मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, दार उघडलं. तिशीतला, दाढी न केलेला माणूस. मी कोण आणि कुणी पाठवलं हे कळल्यावर दार लावून घ्यावं की नाही, याचा त्याने क्षणभर विचार केला, तो मला स्पष्ट दिसला.

“बघा,” तो म्हणाला. “बघून घ्या. मला पण बरंच वाटेल.”

ड्राइव्ह चपलांच्या कपाटावर होता. लिनक्स प्रणालीवर चालणारं, शाळेच्या डब्याएवढं यंत्र, शेजारी साठवणीची छोटी काळी पेटी, त्यांवर धूळ. असली यंत्रं घराघरांत असतात, आणि ती आहेत हे लोकांच्या लक्षात येतं ती बंद पडल्यावरच.

“हे कुणी बसवलं?”

“दादाने, चार वर्षांपूर्वी. पण दोन आठवड्यांपूर्वी याचं कार्ड गेलं. साठवलेलं सगळं शाबूत होतं, फक्त यंत्र चालू होईना. मग मी सगळं नव्याने टाकलं. घरातल्यांची खाती पण नवीन केली. आधी माझं, मग हिचं, मग आईचं, मग बाबांचं.”

“आणि परवानग्या?”

तो ओशाळला. “त्याचीच तर कटकट झाली. नवीन टाकल्यावर आईला टॅबलेटवर बाबांच्या फिती लावता येईनात. ‘परवानगी नाही’ असं यायचं. ती रडकुंडीला आली. मला कामावर जायचं होतं. मी ते फोल्डर सगळ्यांना सताड उघडं करून टाकलं. वाचा, लिहा, काय करायचं ते करा.”

हे मी सव्वीस वर्षं पाहिलंय. एक दार अडलं की माणूस चौकटच काढून टाकतो.

त्याने पडद्यावर ती फाइल काढून दाखवली. मालकाच्या जागी खरंच सुनेचं नाव होतं. फाइलच्या नावाच्या शेवटी एक ठिपका होता: ‘पुरे.’ मी तो वहीत तसाच उतरवून घेतला.

“हा तिचाच शब्द आहे,” धाकटा म्हणाला. “बाबांचं सगळं तीच करते. नळी साफ करणं, रात्रीचा खोकला, सगळं. वर दिवसभर घरात तो आवाज. मागच्या रविवारी ती आईवर ओरडली, ‘पुरे करा आता, माणूस समोर बसलाय!’ आम्ही सगळ्यांनी ऐकलं.”

“फाइल केव्हाची आहे, ते पाहिलंस?”

“केव्हाची म्हणजे? आवाज साडेतीनला थांबला. तेव्हा ही घरातच होती. मी कामावर होतो.”

मी बोट ठेवलं तिथे वेळ लिहिलेली होती: तीन वाजून चौदा मिनिटं.

३

तीन चौदाला सून घरात नव्हती. ती रुग्णालयात नव्या नळीसाठी रांगेत उभी होती. तिथल्या खिडकीवरची चिठ्ठी तिने शुक्रवारी पिशवीतून काढून मला दिली होती, वेळ छापलेली: तीन पाच. घरी यायला पंधरा मिनिटं लागतात.

धाकट्याने चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट केली. त्याचे ओठ हलले, पण लगेच त्याला पळवाट सापडली. “फोनवरून केलं असेल. बाहेरून.”

बाहेरून करता येत नव्हतं. तो ड्राइव्ह घरातल्या घरातच बोलायचा. ते त्यालाही ठाऊक होतं. तरी मी यंत्राची नोंद काढली. कोणत्या नावाने, कोणत्या उपकरणावरून, कधी कोण आत आलं ते तिथे उतरलेलं असतं. मंगळवारी दुपारी दोन ते चार या वेळात एकच नाव होतं. आईंचं, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टॅबलेटवरून. सुनेचं नाव सकाळनंतर नव्हतंच.

धाकट्याने नोंद पुन्हा वरून खाली वाचली. “म्हणजे काय? आईने?”

मी थोरल्याला फोन लावला. त्याचा आवाज भरल्या घरात बोलावा तसा मोठा होता.

“मावशी, माझं म्हणणं लिहून घ्या. त्या फिती मी कुलूपबंद केल्या होत्या. नुसत्या वाचता येतील अशा. एक अक्षर बदलायची कुणाला परवानगी नव्हती. त्या पुसायच्या तर यंत्राचा मुख्य पासवर्ड लागणार, आणि तो आता माझ्या धाकट्या भावाकडेच आहे. मी बोललो नाही आजवर. पण बायकोवर ढकलून मोकळा झालाय तो.”

फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवलेला होता. धाकट्याचं तोंड लाल झालं. “दादा, मी असं का करीन?”

“ते तुलाच ठाऊक. घर तुला, बाबा तुला, सगळं तुलाच दिलंय आम्ही.”

“दिलंय?” धाकटा ओरडला. “बाबांचा खोकला दिलायस तू मला! ये की घ्यायला!”

मी दोघांनाही थांबवलं. “फाइलला कुलूप घातलं म्हणून ती सुरक्षित होत नाही. पाकिटाला लाख लावली तर आतलं पत्र कुणाला बदलता येणार नाही, खरं आहे. पण ते पाकीट ज्या खणात आहे, तो खण ज्याच्या हातात आहे, तो अख्खं पाकीट काढून फेकू शकतो. लिनक्समध्ये पुसायची परवानगी फाइलवर नसते, फोल्डरवर असते. तुम्ही पाकिटं बंद केलीत. खण उघडाच होता.”

पलीकडून नुसतं “हं” आलं.

“आणि दुसरी प्रत?” मी विचारलं. “तुम्ही म्हणे आपोआप प्रत ठेवायची सोय केली होती.”

“केली होती ना. दर अर्ध्या तासाने जसंच्या तसं दुसरीकडे उतरायचं...” तो बोलता बोलता थांबला. जसंच्या तसं. इकडे रिकामं झालं, तिकडेही अर्ध्या तासात रिकामं झालं.

“परत मिळेल का, मावशी?” त्याने विचारलं. आता आवाज लहान होता.

साठवणीची ती पेटी नव्या जातीची होती. त्यात मोकळी झालेली जागा पेटी स्वतःच झाडून ठेवते. शिवाय धाकट्याने घाबरून मंगळवारी तीनदा यंत्र बंद-चालू केलेलं. मी दोन तास प्रयत्न केला होता. हाती आलं ते नुसतं शून्य.

“नाही,” मी म्हटलं.

फोन बंद झाला. आणि माझ्या पाठीमागून बाईमाणसाचा आवाज आला. “नाही म्हणजे?”

स्वयंपाकघराच्या दारात आई उभ्या होत्या.

४

त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं. ओट्यावर टॅबलेट उभा करून ठेवलेला होता, पुसून लख्ख. मंगळवारपासून त्यात काही लागलं नव्हतं, तरी त्याची वायर लावलेली होती.

“मी सकाळी सहाला लावायचे,” त्या म्हणाल्या. “ते वाचायचे, मी काम करायचे. चुकीचं काही बोलले की मी म्हणायचे, अहो, तेव्हा तुमच्या आत्या कुठे आल्या होत्या, त्या तर आजारी होत्या. असं आमचं चालायचं.”

“ते म्हणजे रेकॉर्डिंग.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फार उद्धट काहीतरी बोलल्यासारखं. “ते म्हणजे ते.”

“आणि बाबा तेव्हा कुठे असायचे?”

“खोलीत. त्यांच्या टेबलापाशी.”

दारातून मला ते टेबल दिसत होतं. मधे भिंत होती ती अर्धीच. स्वयंपाकघरातला प्रत्येक शब्द तिथे पोचत असणार.

“मंगळवारी काय झालं, सांगाल?”

“जेवणं झाली. तीनच्या पुढे मी एक लावलं. आम्ही पहिल्यांदा समुद्र पाहिला त्याची गोष्ट आहे. सोळा-सतरा मिनिटांची. ती पूर्ण ऐकली मी. शेवटी ते हसतात, तेही ऐकलं. मग दुसरं लावायला गेले तर यादीत काहीच नाही.”

“मधेच तुटली नाही?”

“नाही हो. शेवटपर्यंत वाजली.”

तिथेच सगळ्यांची वेळ चुकली होती. लिनक्सची एक रीत आहे. फाइल पुसली तरी ती कुणी उघडून बसलेलं असेल, तर त्या माणसाचं होईपर्यंत ती जिवंत राहते. तीन चौदाला सगळ्या फिती पुसल्या गेल्या, पण आई ऐकत होत्या ती एक, त्या ऐकत होत्या म्हणून साडेतीनपर्यंत टिकली. त्यांनी ती ऐकून संपवली आणि तीही गेली.

हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

“ताई,” मी विचारलं, “तुमच्या टॅबलेटवरून चुकून काही पुसलं गेलं असेल?”

“मला पुसता येत नाही. मला लावता येतं आणि थांबवता येतं. थांबवायचं मी कधी शिकलेच नाही म्हणा.” मग अचानक त्यांचा स्वर कडक झाला. “तुम्ही हे उकरू नका. जिने केलं ती गेली. तिचं नाव आलंय ना त्यात? झालं तर मग.”

एवढं बोलून त्या ओटा पुसायला लागल्या. ओटा आधीच कोरडा होता.

५

बाबांच्या खोलीत पुस्तकं कमी आणि कागद जास्त. टेबलावर त्यांचा जुना कॉम्प्युटर, त्यावर जाड कळफलक, अक्षरं झिजलेली. गळ्याला पातळ रुमाल. हातात एक लिहायची पाटी होती, बटण दाबलं की कोरी होणारी. मुलांच्या खेळण्यांत मिळते तसली.

मी माझी वही उघडून त्यांच्या पुढे ठेवली. त्यात दिवसभराचे मुद्दे होते. त्यांनी ते वाचले. वाचताना खिशातून पेन काढलं, माझ्या तिसऱ्या ओळीतला एक ऱ्हस्व दीर्घ केला, पाचव्या ओळीच्या शेवटी राहिलेला पूर्णविराम दिला, आणि वही परत केली. मग स्वतःच ओशाळून हसले. त्या हसण्याला आवाज नव्हता, नुसती हवा.

“मंगळवारी तुम्ही खोलीतच होतात?”

पाटीवर अक्षरं आली. छापल्यासारखी सुबक. ‘हो.’

“कोणी आलं गेलं?”

‘नाही.’

“सुनेने केलं असं तुम्हाला वाटतं का?”

त्यांनी लिहायला फार वेळ घेतला नाही. ‘मुळीच नाही.’ ‘मुळीच’च्या खाली रेघ ओढली. मग बटण दाबलं, आणि पाटी कोरी करून मांडीवर पालथी ठेवली.

मी बाहेर आले. चपलांच्या कपाटापाशी उभी राहून वही चाळायला लागले, आणि त्या दुरुस्त केलेल्या पाचव्या ओळीवर माझी नजर थांबली.

फाइलच्या नावापुढे पूर्णविराम कोण देतं?

मी सुनेला फोन केला. “तू फोनवर मराठी कशी लिहितेस?”

“इंग्रजी अक्षरांत. मला तो मराठी कळफलक जमत नाही. तो हसतो मला. का?”

“काही नाही. सांगते.”

मग मी धाकट्याला हाक मारली. “त्या फाइलच्या मालकाचं नाव नको मला. नंबर दाखव.”

६

लिनक्स माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला तो एक नंबर देतो, आणि फाइलवर तो नंबरच लिहितो. नाव आपल्या सोयीसाठी, वरून लावलेली पाटी. धाकट्याने नंबर काढला. १००१.

“हिचाच,” तो म्हणाला. “मी १०००, ही १००१, आई १००२, बाबा १००३.”

“हे तुझ्या नव्या मांडणीत. चार वर्षांपूर्वी दादाने कशी मांडली होती?”

त्याला आठवेना. थोरल्याला आठवत होतं. फोन दुसऱ्याच घंटेला उचलला. “मी स्वतः १०००. मग बाबा १००१. आई १००२. मग हे दोघं.”

“आणि बाबांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर? तोही तुम्हीच बसवलात?”

“त्याच दिवशी. तिथेही पहिला मी, दुसरे बाबा. त्यांना पासवर्ड लक्षात ठेवायला नको म्हणून तो मी ड्राइव्हला वेगळ्या पद्धतीने जोडला. फोन आणि टॅबलेट आधी नाव सांगतात. तो कॉम्प्युटर नाव सांगत नाही, नुसता नंबर सांगतो. ड्राइव्ह त्याच्यावर विश्वास...”

तो तिथेच अडकला.

बाबांचा कॉम्प्युटर कुणी बदलला नव्हता. तो अजून जुनाच नंबर सांगत होता, १००१. ड्राइव्ह मात्र नवा झाला होता, आणि नव्या ड्राइव्हच्या वहीत १००१ म्हणजे सून. त्या टेबलापाशी बसून जे काही केलं जाईल, त्यावर सुनेचं नाव पडणार होतं. नोंदीत आईंशिवाय कुणाचं नाव नव्हतं, कारण त्या टेबलाच्या वाटेने कुणी नाव सांगून येतच नव्हतं.

खात्री करायला मी एकच गोष्ट पाहिली. बाबांनी दोन दिवसांपूर्वी लिहून ठेवलेली औषधांची यादी ड्राइव्हवर होती, नव्या मांडणीनंतरची, त्यांच्याच कॉम्प्युटरवरून ठेवलेली. मालक: सून.

“बाबांनी?” धाकटा पुटपुटला. “बाबांनी स्वतःचा आवाज...?”

“तू इथेच थांब,” मी म्हटलं. “मी एकटी जाते.”

७

मी दार लोटून घेतलं. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि पाटी उचलली. मी विचारण्याआधीच लिहिलं.

‘मी.’

“का, बाबा?”

ते बराच वेळ लिहीत राहिले. पाटी लहान होती, तीनदा कोरी करावी लागली.

‘एकोणतीस दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवलात का, झोपलात का, तेवढंच. बाकी सगळं त्याच्याशी.’

‘मी एक दिवस पाटीवर लिहून नेलं. समुद्राची गोष्ट मी चुकीची सांगितली होती. दुरुस्ती करायची होती. ती म्हणाली, थांबा, ते बोलतायत.’

‘माझ्याच आवाजाने मला गप्प बसवलं.’

पलीकडे नळ वाहत होता.

“सुनेवर आळ आला तेव्हा तुम्ही इथेच होतात.”

त्यांनी मान हलवली. मग लिहिलं, ‘तिचं नाव कसं आलं, मला कळलं नाही. मी लगेच पाटीवर लिहिलं होतं: मी पुसलं.’

“लिहिलं होतं? मग?”

‘सगळे ओरडत होते. पाटीकडे कोणी पाहिलं नाही. नंतर पुन्हा लिहायचा धीर झाला नाही.’ त्यांचं पेन थांबलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ‘एकीनेच पाहिलं.’

दार उघडलं. आई आत आल्या होत्या. किती वेळ बाहेर उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी नवऱ्याच्या हातातली पाटी घेतली आणि बटण दाबलं. पाटी कोरी झाली. किती सराईतपणे केलं त्यांनी ते!

“मंगळवारीही पाटी तुम्हीच पुसलीत,” मी म्हटलं.

“हो.”

“का? ती पोर उगाच गेली.”

“तिला जायला घर आहे,” आई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या, हिशेबाचं काही सांगावं तसं सांगत होत्या. “तिचं वय आहे. तिच्यावर राग धरला तर मला रोज तोंड बघायचं नाही तिचं. ह्यांच्यावर धरला तर? रोज भरवायचं ह्यांना, पुसायचं, उठवायचं. ह्यांनी माझं एवढं एक होतं ते घालवलं, हे ठाऊक असताना कसं करू मी ते? मला नको होतं ठाऊक व्हायला. तुम्ही उघड केलंत.”

बाबांनी हात पुढे केला, पाटीसाठी. आईंनी ती दिली नाही. छातीशी धरून उभ्या राहिल्या.

“अहो, द्या त्यांना,” मी म्हटलं. “बोलू द्या.”

“काय बोलणार आहेत?” त्यांनी विचारलं. तेही माझ्याकडेच बघून.

८

त्या संध्याकाळी मी करण्यासारखं होतं तेवढं केलं. नंबर जुळवले. सुनेच्या नावावर पडलेल्या सगळ्या फाइली बाबांच्या नावावर केल्या. फोल्डरला अशी परवानगी दिली की ज्याचं त्यानेच पुसावं, दुसऱ्याला पुसता येऊ नये. अर्ध्या तासाचं काम. दोन आठवड्यांपूर्वी कुणी ते केलं असतं, तर सुनेचं नाव तरी वाचलं असतं. आवाज तरीही गेलाच असता. तो ज्याचा होता त्यानेच पुसला होता, आणि कोणत्याही परवानगीने त्यांना अडवता आलं नसतं.

धाकट्याने त्याच दिवशी बायकोला फोन केला. मग रोज करायला लागला. थोरला दोन दिवस येऊन राहून गेला. त्या दोन दिवसांत भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, असं गल्लीतून कळलं.

महिन्याभराने मी सुनेला भेटायला तिच्या कामावर गेले. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला ती काचा घासायचं काम करते. यंत्र बंद करून ती बाहेर आली. आम्ही पायरीवर बसलो.

“परत जाणार नाहीस?”

“त्याला आता पटलंय, मावशी. रोज सांगतो, पटलं म्हणून. पण तुम्ही नंबर काढून दाखवलात तेव्हा पटलं. मी सांगितलं तेव्हा नाही पटलं.” ती थांबली. “उद्या परत कशावर तरी माझं नाव आलं, तर मी नंबर कुठून आणू?”

मी पायरीवरची काचेची भुकटी पदराने झटकली.

“पण बुधवारी जाते मी तिथे,” ती म्हणाली. “गळ्यातली नळी दर बुधवारी बदलायची असते. त्याला जमत नाही, आईंचे हात थरथरतात. तो कामावर गेला की जाते. आई दार उघडतात आणि आत निघून जातात. मी नळी बदलते, छिद्र स्वच्छ करते आणि येते. वीस मिनिटं लागतात.”

“बाबा काही म्हणतात?”

“लिहितात. मी आत शिरले की पाटी वर धरून बसलेले असतात. पहिल्या बुधवारपासून.”

“काय लिहितात?”

तिने नाकावरचा चष्मा काढला आणि अॅप्रनच्या टोकाने काच पुसली. खूप वेळ पुसत राहिली.

“माहीत नाही. मी दारातच चष्मा काढून ठेवते. नळी जवळ असते, ती मला बिनचष्म्याची दिसते. पाटी लांब असते.”

“एकदा वाच तरी.”

“वाचलं तर माफ करावं लागेल,” ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने यंत्र चालू केलं.